महाराष्ट्रातील जपानी भाषा-संस्कृतीचे अध्ययन

महाराष्ट्रातील जपानी भाषा-संस्कृतीचे अध्ययन म्हणजे राज्यातील विद्यापीठे, महाविद्यालये व भाषासंस्था यांतून होणारे जपानी भाषेचे, लिपीचे, साहित्याचे व समाजजीवनाचे पद्धतशीर शिक्षण होय. या अध्ययनाचे प्रमुख केंद्र पुणे आहे. १९७० च्या दशकापासून तेथे जपानी शिकविण्याची परंपरा रुजली. आज प्रमाणपत्र अभ्यासक्रमापासून पदव्युत्तर पदवीपर्यंतचे शिक्षण तेथे घेता येते. भारतात जपानी शिकणाऱ्यांची संख्या जपान फाउंडेशनच्या २०१८ च्या पाहणीनुसार सुमारे ३८,००० होती. वाक्यरचनेच्या बाबतीत जपानी भाषा इंग्रजीपेक्षा मराठीला पुष्कळ जवळची आहे. मात्र तिचे शिक्षण बहुतांशी इंग्रजीच्या आधारे व मोठ्या शहरांतच होत असल्याने बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला या जवळिकीचा लाभ सहजासहजी मिळत नाही.

## पार्श्वभूमी

भारत व जपान यांचा भाषिक संबंध बौद्ध धर्माच्या प्रसारातून जुळला. बोधिसेन हा भारतीय भिक्षू इ.स. ७३६ मध्ये जपानला पोहोचला. नारा येथील तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन-विधी इ.स. ७५२ मध्ये त्याच्या हस्ते झाला. पुढे कूकाइ (७७४–८३५) या जपानी भिक्षूने चीनमध्ये जाऊन प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृतचे अध्ययन केले. त्याने स्थापन केलेल्या शिंगोन पंथात सिद्धम् या भारतीय लिपीतील बीजाक्षरे आजही लिहिली जातात.

या अध्ययनाची खूण जपानी वर्णमालेवर उमटली आहे. जपानी अक्षरांचा प्रचलित क्रम ‘आ-इ-उ-ए-ओ’ या स्वरांनी सुरू होतो आणि त्यानंतर का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा ओळी येतात. मराठी विद्यार्थ्याने पाठ केलेल्या क, च, त, प, य या वर्गांच्या क्रमाशी हा क्रम जुळतो. प्राचीन जपानीत ‘हा’च्या ओळीचा उच्चार ‘पा’ असा होत असे, हे लक्षात घेतले म्हणजे साम्य अधिक स्पष्ट होते. संस्कृतातून चिनीमार्गे जपानीत गेलेले शब्दही आहेत. क्षण या शब्दाचा ‘सेत्सुना’, ध्यान या शब्दाचा ‘झेन’ आणि स्तूप या शब्दाचा ‘सोतोबा’ झाला. सरस्वती, महाकाल, वैश्रवण व गणेश या देवता अनुक्रमे बेनझाइतेन, दाइकोकुतेन, बिशामोनतेन व कांगितेन या नावांनी जपानमध्ये पूजिल्या जातात.

आधुनिक काळातील संबंधांस विसाव्या शतकाच्या आरंभी चालना मिळाली. रवींद्रनाथ ठाकूर १९१६ मध्ये जपानला गेले. त्यांच्या निमंत्रणावरून भारतात आलेले चित्रकार आराइ काम्पो यांनी १९१७-१८ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर लागलेल्या आगीत त्या नष्ट झाल्या. नारा परिसरातील होर्यूजी मंदिराची प्राचीन भित्तिचित्रे शैलीच्या दृष्टीने अजिंठ्याशी ताडून पाहिली जात असत. तीही १९४९ च्या आगीत मोठ्या प्रमाणात जळाली. या दोन घटनांमुळे जपानी कलाभ्यासकांच्या लेखी अजिंठ्याचे महत्त्व अधिकच वाढले.

विदर्भातही असा संबंध आढळतो. जपानी बौद्ध भिक्षू निचिदात्सु फुजिइ यांनी १९३३ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींची भेट घेतली. सद्धर्मपुण्डरीक सूत्राला वंदन करणारा त्यांच्या पंथाचा जपानी मंत्र पुढे आश्रमाच्या प्रार्थनेत समाविष्ट झाला.

## विद्यापीठीय शिक्षण

### भारतातील आरंभ

स्वातंत्र्योत्तर काळात १९५२ मध्ये भारत व जपान यांच्यात शांतता करार झाला व राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. शांतिनिकेतन येथील विश्वभारती विद्यापीठात १९५४ पासून जपानीचे अध्ययन सुरू झाले. त्यानंतर दिल्ली विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबाद येथील इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ येथे जपानीचे विभाग विकसित झाले.

### पुणे

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. तेथे फ्रेंच, जर्मन, रशियन या भाषांबरोबर जपानीचेही प्रमाणपत्र, पदविका व उच्च पदविका असे टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम चालतात. हे अभ्यासक्रम अर्धवेळ असल्याने अन्य विषयात पदवी घेणारे विद्यार्थी व नोकरी करणारे प्रौढ यांना ते सोयीचे ठरतात.

१९२१ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९८७ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी हा मुख्य विषय घेऊन बी.ए. व एम.ए. करता येते. भाषा हे केवळ जोडकौशल्य न मानता संपूर्ण विद्याशाखा म्हणून तिचा अभ्यास करण्याची ही व्यवस्था महाराष्ट्रात विरळ आहे. यांशिवाय सिंबायोसिसची भाषासंस्था, खासगी वर्ग आणि जपानी भाषाशिक्षकांची संघटना यांनी पुण्यातील अध्यापनाचा पाया विस्तारला.

सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्रीचे दृश्य प्रतीक होय. ओकायामा येथील कोराकुएन या ऐतिहासिक उद्यानाच्या धर्तीवर त्याची रचना केली आहे. जपानी उद्यानकलेतील जलाशय, वळणवाटा व दुरून दिसणाऱ्या टेकडीला दृश्याचा भाग करून घेण्याची रीत विद्यार्थ्यांना तेथे प्रत्यक्ष पाहता येते.

### शैक्षणिक धोरण

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००६ मध्ये जपानी हा ऐच्छिक विषय म्हणून आणला. २०१७ मध्ये भारत व जपान यांच्यात झालेल्या समझोत्यात पाच वर्षांत उच्च शिक्षणसंस्थांमध्ये जपानीचे १०० प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करण्याचे आणि १,००० शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर उपलब्ध करावयाच्या परकीय भाषांत जपानीचा नामनिर्देश आहे.

## अभ्यासक्रमाचे स्वरूप

### लिपी

जपानी लेखनात तीन लिप्या एकाच वाक्यात वापरल्या जातात. हिरागाना व काताकाना या अक्षरलिप्या असून प्रत्येकीत ४६ मूळ अक्षरे आहेत. हिरागानाने प्रत्यय, क्रियापदांची रूपे व अनेक देशी शब्द लिहिले जातात, तर काताकानाने मुख्यतः परकीय शब्द व नावे. तिसरी लिपी कांजी म्हणजे चिनी चित्राक्षरे. जपान शासनाने २०१० मध्ये निश्चित केलेल्या नित्योपयोगी कांजींची संख्या २,१३६ आहे. त्यांपैकी १,०२६ जपानी मुलांना प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकविल्या जातात.

बहुतेक कांजींना दोन प्रकारचे वाचन असते. एक चिनीतून आलेले (‘ओन’) व दुसरे मूळ जपानी (‘कुन’). मराठीतील तत्सम व देशी शब्दांच्या जोड्या ध्यानात घेतल्या तर हा प्रकार समजण्यास सोपा जातो. मराठीत सुट्या वापरात ‘पाणी’ म्हणतात, पण समासात ‘जलाशय’, ‘जलवाहिनी’ असे ‘जल’ येते. त्याचप्रमाणे पाण्याची कांजी सुटी असता ‘मिझु’ अशी वाचतात, परंतु नळपाणीपुरवठा या अर्थाच्या ‘सुइदोउ’ या जोडशब्दात तिचे वाचन ‘सुइ’ होते. फरक इतकाच की मराठीत दोन शब्द वेगळे लिहिले जातात आणि जपानीत एकच चिन्ह दोन प्रकारे वाचावे लागते. जपानी वारांची नावेही ग्रहांवरूनच आहेत. ‘निचियोउबि’ म्हणजे सूर्याचा वार, ‘गेत्सुयोउबि’ म्हणजे चंद्राचा वार. पुढे मंगळ, बुध, गुरू, शुक्र व शनी हा क्रम मराठीप्रमाणेच येतो.

### भाषा व संस्कृती

प्रारंभिक स्तरावर ‘मिन्ना नो निहोंगो’ या पाठ्यपुस्तकाचा वापर सर्वत्र रूढ आहे. त्याच्या दोन प्राथमिक भागांत मिळून ५० पाठ आहेत. पदवी स्तरावर भाषेबरोबर जपानचा इतिहास, भूगोल, साहित्य, समाजरचना, भाषांतर व भाषाविज्ञान यांचा समावेश होतो. संस्कृतीच्या अभ्यासात चहाविधी, पुष्परचना, सुलेखन व ओरिगामी यांची ओळख करून दिली जाते. पण या विषयाचा गाभा दैनंदिन व्यवहारातील संकेतांत आहे. ‘उचि’ (आपले) व ‘सोतो’ (बाहेरचे) हा भेद जपानी बोलण्यात पदोपदी येतो. स्वतःच्या आईचा परक्यांपुढे उल्लेख करताना ‘हाहा’ म्हणतात, दुसऱ्याच्या आईला मात्र ‘ओकाआसान’. हा भेद न शिकता केवळ शब्दार्थ पाठ केल्यास वाक्य शुद्ध असूनही वागणे चुकते. म्हणूनच भाषा व संस्कृती यांचे अध्ययन एकत्र केले जाते.

## मराठी भाषकांच्या दृष्टीने जपानी

### उच्चार

जपानीतील बहुतेक ध्वनी मराठी भाषकाला परिचित आहेत. ‘त्सु’ हा ध्वनी अनेक भाषकांना अवघड जातो, परंतु तो मराठीतील ‘चूल’ या शब्दाच्या पहिल्या अक्षरासारखा आहे. तसेच ‘झा’चा एक उच्चार ‘जहाज’मधील दंततालव्य ‘ज’च्या जवळ जातो. जपानी अनुनासिक ‘न्’ हे मराठी अनुस्वाराप्रमाणे पुढील वर्णानुसार बदलते: ‘शिंबुन’ (वृत्तपत्र) यात ते म् होते, ‘बेंतो’ (जेवणाचा डबा) यात न् आणि ‘बुंका’ (संस्कृती) यात ङ्. मराठीतील ‘अंबा’, ‘संत’ व ‘अंक’ या शब्दांत हेच घडते.

ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मात्र काळजीपूर्वक पाळावा लागतो. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. बोलीत मराठी भाषक ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करू शकतो, जपानीत तसे करता येत नाही.

### वाक्यरचना

दोन्ही भाषांत कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम आहे आणि विभक्तिदर्शक शब्द नामानंतर येतात. ‘वाताशि वा आशिता पुणे ए इकिमासु’ हे वाक्य ‘मी उद्या पुण्याला जातो’ या मराठी वाक्याशी शब्दागणिक जुळते. प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी ‘का’ लावतात: ‘इकिमासु का?’ म्हणजे ‘जाता का?’. हे साम्य योगायोगाचे असले तरी आरंभीच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडते. ‘मी वाचलेले पुस्तक’ याला जपानीत ‘वाताशि गा योंदा होन’ म्हणतात. विशेषण-वाक्य नामाच्या आधी ठेवण्याची ही रीत इंग्रजीच्या उलट आहे.

सर्वांत लक्षणीय साम्य संयुक्त क्रियापदांत आढळते. पुढील जोड्यांत दुसऱ्या क्रियापदाचा मूळ अर्थही दोन्ही भाषांत एकच अथवा जवळचा आहे:

- ताबेते मिरु – खाऊन पाहणे (मिरु म्हणजे पाहणे)
- काइते ओकु – लिहून ठेवणे (ओकु म्हणजे ठेवणे)
- मोत्ते कुरु – घेऊन येणे (कुरु म्हणजे येणे)
- मोत्ते इकु – घेऊन जाणे (इकु म्हणजे जाणे)
- ताबेते शिमाउ – खाऊन टाकणे (शिमाउ म्हणजे संपविणे, आवरणे)

इंग्रजीतून शिकताना या प्रत्येक रूपासाठी स्वतंत्र नियम समजावून घ्यावा लागतो. मराठीत ते रूप विद्यार्थ्याच्या तोंडी आधीच असते. ‘मला जपानी समजते’, ‘मला दोन भाऊ आहेत’ यांसारख्या वाक्यांतील अनुभव घेणाऱ्याला गौण स्थान देणारी रचनाही जपानीत आहे. ‘धडधड’, ‘लुकलुक’ अशा अभ्यस्त अनुकरणवाचक शब्दांची दोन्ही भाषांत रेलचेल आहे. जपानीत छातीच्या धडधडीला ‘दोकिदोकि’ आणि चांदण्यांच्या लुकलुकण्याला ‘किराकिरा’ म्हणतात.

### भेद

जपानीत नामाला लिंग नाही आणि क्रियापद पुरुष व वचनानुसार बदलत नाही. भविष्यकाळासाठी वेगळे रूपही नाही. या बाबतीत ती मराठीहून सोपी आहे. उलट, वस्तू मोजताना तिच्या आकारानुसार वेगवेगळे गणकशब्द लावावे लागतात. पुस्तकांसाठी ‘सात्सु’, लांबट वस्तूंसाठी ‘होन’, पातळ वस्तूंसाठी ‘माइ’. आदरार्थी भाषेचे ‘सोनकेइगो’ (दुसऱ्याचा गौरव करणारी), ‘केंजोउगो’ (स्वतःकडे लघुत्व घेणारी) आणि ‘तेइनेइगो’ (सभ्य) असे तीन प्रकार आहेत. तू, तुम्ही व आपण यांतील फरक जाणणाऱ्या मराठी भाषकाला आदराची कल्पना नवी नसते, पण ‘येणे-जाणे’ यासारख्या सामान्य क्रियेसाठी आदरार्थी व विनम्र अशी स्वतंत्र क्रियापदे त्याला नव्याने शिकावी लागतात.

## जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा

जेएलपीटी या नावाने ओळखली जाणारी ही परीक्षा १९८४ पासून घेतली जाते. तिच्या पूर्वी चार पातळ्या होत्या. २०१० मध्ये फेररचना होऊन एन-५ (प्रारंभिक) ते एन-१ (सर्वोच्च) अशा पाच पातळ्या ठरल्या. परीक्षा जुलै व डिसेंबर महिन्यांत होते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे ही तिची केंद्रे आहेत.

परीक्षेत शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन व श्रवण यांची बहुपर्यायी प्रश्नांद्वारे चाचणी होते. संभाषण व लेखन यांची चाचणी तीत नसते. त्यामुळे प्रमाणपत्र मिळविलेल्या विद्यार्थ्यास अस्खलित बोलता येईलच असे नाही. नोकरीसाठी मात्र हेच प्रमाणपत्र सर्वत्र विचारले जाते. परिणामी अनेक वर्गांचे अध्यापन परीक्षाकेंद्रित होते आणि साहित्य, इतिहास व संभाषण मागे पडतात. पदवी अभ्यासक्रम व प्रावीण्य परीक्षा ही परस्परांना पर्याय नसून त्यांची उद्दिष्टे भिन्न आहेत.

## शिष्यवृत्ती व रोजगार

जपान शासनाच्या शिक्षण मंत्रालयातर्फे परदेशी विद्यार्थ्यांना विविध शिष्यवृत्त्या दिल्या जातात. त्यांपैकी ‘जपानी अध्ययन’ या प्रकारात सुमारे एक वर्ष जपानी विद्यापीठात राहून भाषा-संस्कृतीचे शिक्षण घेता येते. तिची अट अशी की, विद्यार्थी जपानबाहेरील विद्यापीठात जपानी भाषा किंवा संस्कृतीशी संबंधित विषयाचा पदवी अभ्यासक्रम करीत असला पाहिजे. ज्या भागातील विद्यापीठात असा पदवी अभ्यासक्रम नाही, तेथे राहून शिकणारा विद्यार्थी खासगीरीत्या एन-२ पर्यंत पोहोचला तरी या शिष्यवृत्तीस पात्र ठरत नाही. संशोधन व पूर्ण पदवी शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्त्या मात्र अन्य विषयांच्या विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत.

रोजगाराच्या दृष्टीने माहिती तंत्रज्ञान, वाहननिर्मिती, भाषांतर, दुभाषेपण, अध्यापन व पर्यटन ही प्रमुख क्षेत्रे होत. पुण्याजवळील चाकण परिसरात जपानी उद्योग आहेत. तांत्रिक दस्तऐवजांचे भाषांतर करणे आणि जपानी ग्राहक व भारतीय अभियंते यांच्यात दुवा साधणे ही कामे भाषा जाणणाऱ्यांकडे येतात. २०२१ मध्ये दोन्ही देशांत ‘विशिष्ट कुशल कामगार’ योजनेविषयी सहकार्याचा करार झाला. शुश्रूषा, शेती, अन्नप्रक्रिया अशा क्षेत्रांत जाऊ इच्छिणाऱ्यांना तीत कौशल्यपरीक्षेबरोबर एन-४ अथवा जेएफटी-बेसिक ही भाषापरीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. त्यामुळे विद्यापीठाबाहेरही जपानी शिकणाऱ्यांचा नवा वर्ग निर्माण झाला आहे.

जपानमध्ये स्थायिक झालेल्या मराठी भाषकांची वस्ती मुख्यत्वे टोकियो परिसरात आहे. महाराष्ट्रात वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोतील एदोगावा प्रभागाच्या परिषदेवर निवडून आले.

## साहित्य व संशोधनातील देवाणघेवाण

मराठी वाचकाला जपानची ओळख प्रथम प्रवासवर्णनांतून झाली. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’मध्ये आग्नेय आशियाबरोबर जपानचेही चित्रण आहे. पाच-सात-पाच अक्षरावयवांचा हायकू हा काव्यप्रकार शिरीष पै यांनी मराठीत रुजविला. तेत्सुको कुरोयानागि यांचे ‘तोत्तोचान’ हे शाळकरी आठवणींचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणले. महाराष्ट्रातील शिक्षकांमध्ये ते विशेष वाचले गेले. दैनंदिन मराठीत रूढ झालेला ‘रिक्षा’ हा शब्दही मूळ जपानी ‘जिनरिकिशा’ (माणसाच्या बळाने चालणारे वाहन) याचे संक्षिप्त रूप आहे.

याच्या उलट दिशेनेही काम झाले आहे. हिरोशि फुकाझावा यांनी मराठी कागदपत्रांच्या आधारे मध्ययुगीन दख्खनमधील ग्रामव्यवस्था व बलुतेदारी यांचे संशोधन केले. हिरोयुकि कोतानि यांनी पश्चिम भारताच्या सामाजिक इतिहासावर लेखन केले, तर इवाओ शिमा यांनी पंढरपूर व विठोबाच्या भक्तीचा अभ्यास केला. जपानी अभ्यासकांनी मूळ साधनांसाठी मराठी शिकण्याचे जे कष्ट घेतले, तशाच प्रकारचे मूळ जपानी साधनांवर आधारलेले मराठी लेखन घडवू शकणारे अभ्यासक तयार करणे हे विद्यापीठीय अध्ययनाचे एक प्रयोजन होय.

वाकायामा प्रांतातील कोयासान हे कूकाइने स्थापन केलेले शिंगोन पंथाचे मुख्य पीठ आहे. तेथील कोयासान विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. महाराष्ट्र शासन व वाकायामा प्रांत यांच्यात सहकार्याचा करारही झाला आहे.

## बुलढाणा जिल्हा व परिसर

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे. त्याच रांगेतील अजिंठा लेणी शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. लेण्यांचे जतन व पर्यटनविकास यांसाठी जपानच्या कर्जसाहाय्याने दोन टप्प्यांत प्रकल्प राबविण्यात आला. जपानी पर्यटकांमुळे या परिसरात जपानी जाणणाऱ्या मार्गदर्शकांना काम मिळते. अजिंठा हे विद्यार्थ्याला बौद्ध कला व जपानी संस्कृती यांचा संबंध समजावून घेण्याचे जवळचे स्थळ आहे.

उच्च शिक्षणाच्या दृष्टीने बुलढाणा जिल्हा १९८३ मध्ये स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. जपानी हा मुख्य विषय घेऊन पदवी करावयाची असल्यास जिल्ह्यातील विद्यार्थ्याला सामान्यतः पुण्याचा मार्ग धरावा लागतो. प्रावीण्य परीक्षेसाठीही पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. विदर्भात वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात चिनी, जपानी, स्पॅनिश व फ्रेंच या परकीय भाषांच्या शिक्षणाची सोय आहे. ओकायामा प्रांतात जन्मलेले व १९६० च्या दशकात भारतात आलेले भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांचे कार्यक्षेत्र नागपूर आहे. कामठी येथील ड्रॅगन पॅलेस मंदिरही जपानी सहकार्यातून उभे राहिले. मात्र या धार्मिक-सांस्कृतिक संबंधांतून भाषाशिक्षणाची पुण्यासारखी व्यवस्था विदर्भात उभी राहिली नाही.

ग्रामीण भागात जपानी शिकविणे शक्य आहे, याचे उदाहरण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेत आढळते. तेथे २०१९ मध्ये मुलांना कोणती परकीय भाषा शिकायला आवडेल असे विचारण्यात आले, तेव्हा यंत्रमानव व तंत्रज्ञान यांच्या ओढीने अनेकांनी जपानी निवडली. पुढे एका जाणकाराने विनामूल्य ऑनलाइन वर्ग घेतले. भ्रमणध्वनी नसलेल्या मुलांना ज्यांच्याकडे तो होता अशा मुलांनी शिकविले.

## अडचणी व गरजा

महाराष्ट्रातील जपानी अध्ययनापुढील अडचणी पुढीलप्रमाणे सांगता येतात.

माध्यम. प्रचलित पाठ्यपुस्तकांच्या व्याकरण-पुस्तिका भारतीय वर्गांत प्रामुख्याने इंग्रजीतून वापरल्या जातात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ‘काइते ओकु’चा अर्थ आधी इंग्रजीत समजून घ्यावा लागतो, वस्तुतः ‘लिहून ठेवणे’ एवढे सांगितल्याने काम भागते. मराठीच्या आधाराने केलेली व्याकरणाची मांडणी ही म्हणून मूलभूत गरज आहे.

अंतर व खर्च. बुलढाण्याहून पुणे सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. तेथील निवास व भोजन यांचा खर्च शेतकरी कुटुंबांना पुष्कळदा शुल्कापेक्षा जड जातो. जपान फाउंडेशनचे ‘इरोदोरि’ हे पाठ्यसाहित्य महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि एनएचके या जपानी प्रसारण संस्थेचे भाषापाठ हिंदीतूनही मिळतात. प्रारंभिक स्तरासाठी ही साधने पुरेशी असली तरी उच्चार व संभाषण सुधारण्यास शिक्षक आवश्यक असतो.

शिक्षक. उच्च पातळीचे जपानी जाणणाऱ्यांना उद्योगक्षेत्रात अध्यापनापेक्षा अधिक वेतन मिळते. त्यामुळे चांगले विद्यार्थी शिक्षकी पेशाकडे कमी वळतात आणि नव्या ठिकाणी वर्ग सुरू करणे अवघड होते.

कांजीचा अभ्यास. व्याकरणातील साम्यामुळे मराठी विद्यार्थी पहिल्या वर्षी वेगाने पुढे जातो. त्यानंतर कांजींची संख्या वाढू लागली की अनेकजण अभ्यास सोडतात. जपानी मूल जी अक्षरे शालेय वर्षांत रोज थोडी थोडी गिरवून शिकते, ती प्रौढ विद्यार्थ्याला अल्पावधीत आत्मसात करावी लागतात. रोजच्या लेखनाचा सराव हाच त्यावरील सिद्ध उपाय मानला जातो, आणि तो कोणत्याही गावी राहून करता येतो.